उजवीकडून पाहिलेलं चाक

माझं काम अर्ज मारायचं आहे. कुणी एखादं नवं यंत्र काढतं, पेटंट घ्यायला वकिलांच्या फर्मकडे येतं, आणि अर्ज करण्याआधी फर्म ते कागद माझ्याकडे पाठवते: हे याआधी जगात कुणी केलंय का, बघ. मी जुनी पेटंटं धुंडाळते. तेच यंत्र सापडलं तर अर्ज तिथेच मेला. सापडलं नाही तर तो माणूस खूश, फर्म खूश, आणि मी दिवसभर चिडचिडी. नवऱ्याच्या मते हा माझ्या स्वभावाचा दोष आहे, कामाचा नाही. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर अशा मतांवर मी वाद घालत नाही, म्हणजे फार वेळ घालत नाही.

मी पुण्याची, मेकॅनिकल इंजिनिअर. वर्गात आम्ही तीन मुली होतो, आणि तिघींनाही मुलांपेक्षा चांगलं ड्रॉइंग यावं लागायचं, कारण बरोबरीचं आलं तर ते कुणाला दिसायचंच नाही. त्या तीन-चार वर्षांत जीभ धारदार झाली ती आजवर बोथट झालेली नाही. सिंगापुरात येऊन चौदा वर्षं झाली. फर्ममध्ये शोधाशोध करणारे आम्ही सहा जण आहोत. बाकीचे पाच जण संगणकात शब्द टाकून शोधतात. माझी ख्याती निराळी आहे. मी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पेटंटं वाचते.

ती शब्दांनी सापडत नाहीत. कागद स्कॅन केलेले असतात, अक्षरं पुसट, आणि यंत्राने ती वाचायचा प्रयत्न केला की चाकाचं भलतंच काहीतरी होतं. मथळ्यावरून काही कळावं तर मथळा नुसता 'सुधारणा' एवढाच. कशातली सुधारणा, ते आत शिरल्यावर. म्हणून एकेक वर्ग उघडायचा आणि चित्रामागून चित्र बघत बसायचं, शेकड्यांनी. माझ्या तरुण सहकाऱ्यांना त्याचा कंटाळा येतो. मला नाही येत. आगगाडीत डुलकी लागल्यावर मान पडू नये म्हणून टोपीला लावायचा आकडा, घोड्याच्या चालीवर फिरणारा आणि त्याच्याच तोंडावरच्या माश्या हाकणारा पंखा, पकडला गेलेला उंदीर स्वतःच घंटी वाजवेल असा पिंजरा. शाईने काढलेली चित्रं, गोलाई दाखवायला एका बाजूला बारीक रेघा, आणि खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. त्या माणसांचा या पिंजऱ्यावर पूर्ण विश्वास होता. मला ती सगळी आवडतात. माझ्या हातून काय झालं ते सांगताना हे आवडणं विसरून चालणार नाही.

गेल्या वर्षी बुकित बातोकमधल्या एका कंपनीचं काम आलं. इस्पितळांना लागणारी साधनं बनवणारी, लहानशी. तिथल्या एका इंजिनिअरने वॉकर केला होता, म्हाताऱ्या माणसांनी धरून चालायची चाकांची चौकट असते तो. इंजिनिअर मराठी होता, विदर्भातला. त्याची आई इथे त्याच्याकडे राहत होती, आणि ब्लॉकखालच्या, म्हणजे त्यांच्या इमारतीखालच्या, उतारावर बाजारातला वॉकर तिच्या हातून पुढे पळाला होता आणि ती तोंडावर पडली होती. त्यावरून त्याने हे डोकं लढवलं. चाकाच्या मध्यभागी निमुळती होत जाणारी खाच, तिच्यात एक छोटा रोलर. मूठ दाबून धरली की रोलर वर उचलला जातो आणि गाडी पुढे जाते. तोल गेला, हात सैल पडला, की रोलर खाचेच्या अरुंद टोकात जाऊन अडकतो आणि चाक पुढे जायचं थांबतं. मागे मात्र ते केव्हाही ओढता येतं. साधी गोष्ट होती. चांगले शोध साधेच असतात आणि म्हणूनच ते सहसा आधी कुणीतरी केलेले असतात.

कंपनीने त्याला स्पष्ट सांगितलं होतं. पेटंट मिळण्यासारखं असेल तर वॉकरचा विभाग निघेल आणि तो त्याच्या हाती राहील. नसेल तर त्याच्यासाठी जागा नाही आणि दोन-तीन महिन्यांत संपणारा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, वाढवला जाणार नाही. हे मला काम हाती घेतानाच माहीत होतं. म्हणजे माझ्या रिपोर्टावर तो इथे राहणार की बायको, मुलगी आणि आईला घेऊन परत जाणार हे ठरणार होतं.

मला ते तिसऱ्या आठवड्यात सापडलं. अमेरिकन पेटंट, पहिल्या महायुद्धाच्या आधीचं, बाबागाडीचं. तीच खाच, तोच रोलर, मुठीपासून रोलरपर्यंत जाणारा तसाच दांडा. मी खुर्चीतून उठून पाण्याची बाटली भरून आणली आणि पुन्हा पाहिलं. शंभराहून जास्त वर्षं कुणी न उघडलेला कागद, आणि तो मी उघडला होता. त्या दुपारी मी इतकी खूश होते की जेवून येताना सगळ्यांसाठी करी पफ, आपल्याकडच्या पॅटिससारखे, घेऊन आले.

इथे चित्राबद्दल थोडं सांगावं लागेल. एखादी वस्तू समोरून काढायची आणि तिच्या उजवीकडे तिची बाजू काढायची. आता उजवीकडे काढलेली ही बाजू म्हणजे वस्तूची उजवी की डावी? भारतात आम्हाला शिकवलं ते असं, की डावीकडून जे दिसतं ते उजवीकडे काढायचं. याला फर्स्ट अँगल म्हणतात. अमेरिकेत उलट. उजवीकडून जे दिसतं तेच उजवीकडे. बाकीच्या रेघा त्याच, पण कुठून बघायचं ते ठरवल्याशिवाय गाडीचं तोंड कुठे आणि पाठ कुठे हे कळत नाही. त्या पेटंटात पहिलं चित्र गाडीचं, मागून पाहिलेलं. त्याच्या उजवीकडे दुसरं, नुसत्या चाकाचं, मोठं करून काढलेलं. मजकुरात लिहिलं होतं की चाक बाणाच्या दिशेने मोकळं फिरतं आणि उलट दिशेने अडतं. चाकाचं चित्र डावीकडून पाहिलेलं असेल तर ती बाबागाडी पुढे पळताना अडत होती, म्हणजे हुबेहूब आमचा वॉकर. उजवीकडून पाहिलेलं असेल तर ती मागे घरंगळताना अडत होती. चढावर आई दमून थांबली तर गाडी तिच्या अंगावर येऊ नये, एवढ्यासाठी.

अमेरिकन चित्र आहे म्हणजे उजवीकडून बघायचं, हे आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं. पण मला त्याहून जास्त कळत होतं. फार पूर्वी अमेरिकेतही आपल्यासारखंच डावीकडून काढायचे आणि पद्धत हळूहळू बदलत गेली, हे मला ठाऊक होतं. हा ड्राफ्ट्समन जुन्या वळणाचा वाटला, रेघांची ढब जुनी वाटली, आणि मी ठरवलं, हे चित्र फर्स्ट अँगलचं. रिपोर्टात त्यावर एक अख्खा परिच्छेद लिहिला, जरा मिरवतच. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. शिवाय डावीकडून पाहिलं की अर्ज मरत होता आणि उजवीकडून पाहिलं की जगत होता. मी कुठून पाहिलं असेल ते सांगायला नको.

रिपोर्ट मी कंपनीत जाऊन समजावून सांगितला. मॅनेजर होता, कंपनीची कायद्याचं बघणारी बाई होती, आणि तो. चाळिशीतला, सडपातळ, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या. आडनाव मला आधीच माहीत होतं. आडनाव आणि गाव ऐकलं की आपल्या डोक्यात आपोआप एक कप्पा उघडतो आणि माणूस त्यात जाऊन बसतो. माझ्याही डोक्यात तेच झालं, दरवेळी होतं, आणि मी असलं काही मानत नाही असं मी चारचौघांत ठणकावून सांगत असते. तो सगळा वेळ माझं बोलणं वहीत लिहून घेत होता.

पुढचं मला फर्ममधून कळलं. बाबागाडीचं पेटंट केव्हाच संपलेलं, तेव्हा रचना सगळ्यांना मोकळी. कंपनीने पेटंटाचा विचार सोडला, वॉकर बाहेरून बनवून घ्यायचं ठरवलं आणि एका मोठ्या प्रदर्शनात तो मांडायचं नक्की केलं. त्यासाठी त्या इंजिनिअरची गरज उरली नव्हती. मी फाईल बंद केली.

त्यानंतर पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, फर्ममध्ये नव्याने रुजू झालेल्या दोघांना जुनी पेटंटं कशी वाचायची ते मी शिकवत होते. उदाहरण म्हणून बाबागाडी लावली. माझी सर्वात देखणी शिकार, दुसरं काय लावणार? चित्र भिंतीएवढं झालं. शंभर वर्षांपूर्वीच्या शाईच्या रेघा बोटाएवढ्या जाड दिसत होत्या. मी बोलत होते, आणि बोलता बोलता मला एक आकडा दिसला.

स्प्रिंग अडकवायचा छोटासा आकडा. पहिल्या चित्रात तो उजव्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला होता. दुसऱ्या चित्रात तोच आकडा अख्ख्या रेघेने काढलेला होता. जी गोष्ट पलीकडे लपलेली असते ती तुटक रेघेने काढतात, हे दोन्ही पद्धतींत सारखंच. डावीकडून पाहिलं असतं तर आकडा चाकाआड गेला असता आणि रेघ तुटक आली असती. रेघ अख्खी होती. म्हणजे चित्र उजवीकडून पाहिलेलं होतं. बाबागाडी मागे जाताना अडत होती. वॉकरसारखी ती नव्हतीच.

मी पाच मिनिटांची सुट्टी सांगितली. स्वच्छतागृहात जाऊन हातावर गार पाणी सोडलं तरी तळवे भाजल्यासारखे वाटत होते. परत जागेवर येऊन बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, खाच केली, आकड्याच्या जागी पेपरक्लिप लावली आणि दोन्ही बाजूंनी धरून पाहिलं. चार वेळा पाहिलं. दिशा उलटी असणं म्हणजे नवा शोध होतो का, यावर पेटंट ऑफिसचा परीक्षक हवा तेवढा वाद घालू शकला असता. पण तो वाद घालायला अर्ज तरी व्हायला हवा होता. मी वादच होऊ दिला नव्हता.

मग प्रदर्शन आठवलं. ते गुरुवारी सकाळी उघडणार होतं. शोध एकदा चारचौघांत दाखवला की बऱ्याच देशांत त्याचं पेटंट मिळायची वाट बंद होते. मंगळवारचे साडेअकरा वाजले होते. अर्ज व्हायचा तर बुधवारीच व्हायला हवा होता.

नवऱ्याला फोन केला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की हे आणखी कुणाला कळण्यासारखं आहे का. नाही, मी म्हटलं, त्या चित्राकडे आता जगात कुणी बघणार नाही. मग शुक्रवारी सांग, तो म्हणाला. प्रदर्शन होऊन जाऊ दे. तेव्हा चूक कळली असं म्हण. तुझाही पास नोकरीवर आहे, मुलीची मोठी परीक्षा या वर्षी आहे. तो वाईट माणूस नाही. त्याने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात आधीच येऊन गेलं होतं, म्हणून मी त्याच्यावर ओरडले आणि फोन ठेवला.

बॉसकडे गेले. ती इथलीच, सिंगापूरची चिनी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आवाज कधी न चढवणारी. तिने पुठ्ठा हातात घेऊन फिरवून पाहिला. चूक होते, ती म्हणाली, रिपोर्टाखाली आपण हे केवळ मत आहे असं छापतोच. दुरुस्ती लिहून ठेव, मी सोमवारी वाचते. सोमवार म्हणजे प्रदर्शन होऊन गेल्यावर, मी म्हटलं. तिने कंपनीला फोन लावला. कायद्याचं बघणारी बाई रजेवर होती, मॅनेजर प्रदर्शनाच्या हॉलमध्ये मांडामांड करत होता आणि फोन उचलत नव्हता. तिने निरोप ठेवला. मग मला बजावलं की इंजिनिअरशी परस्पर बोलायचं नाही. आपलं अशील कंपनी आहे, तो नाही. यात तिचं काहीच चुकत नव्हतं, नियम तसाच आहे.

दुपारी दोनपर्यंत कुणाचाच फोन आला नाही. मीटिंगमध्ये मिळालेलं त्याचं कार्ड माझ्या खणात होतं. मी खाली उतरून रस्त्यावरून फोन केला. तो घरीच होता, उरलेली रजा संपवत होता. काय काम आहे हे त्याने विचारलं नाही, पत्ता पाठवला.

वुडलँड्सपर्यंत मेट्रोच्या रेड लाईनवर पाऊण तास लागतो. बिशानला गाडी बोगद्यातून जमिनीवर येते आणि दोन्ही बाजूंना ब्लॉक सुरू होतात. मी कोपऱ्यात उभी राहून वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात दोष दुसऱ्या कुणावर तरी जात होता. जुन्या ड्राफ्ट्समनवर, पुसट स्कॅनवर, अमेरिकेवर. वुडलँड्स मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं की मी एक स्टेशन पुढे आले आहे. उतरून परत फिरले. एवढी भीती मला कुठल्याच परीक्षेत वाटली नव्हती.

दार त्याच्या आईने उघडलं. वॉकर धरून उभी होती. मला आत घ्यायला तिने मूठ सोडली आणि चौकट जागच्या जागी थांबली, मग ती मागे ओढून तिने वाट करून दिली. तो वॉकर मी पहिल्यांदाच पाहत होते. मारला तेव्हा तो मी पाहिलासुद्धा नव्हता. हॉलमध्ये पुठ्ठ्याची खोकी लावून ठेवली होती, अर्धी भरलेली. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, तेवढी अजून उतरवली नव्हती. तिच्याकडे पाहून मी नजर खाली घेतली, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

त्याने पाणी दिलं. मी ग्लास हातातच ठेवला आणि म्हटलं, "माझी चूक झालीय. ते बाबागाडीचं चित्र, मी ते..."

"आकडा अख्ख्या रेघेने काढलाय," तो म्हणाला. "तेच ना?"

त्याची आई स्वयंपाकघरातून बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. तुम्ही स्क्रीनवर लावलं तेव्हाच दिसलं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बोललो नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. नंतर लिफ्टपाशी विचारलं तुम्हाला, मराठीत."

मला ते आठवत नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि सांगताना ते किती वाईट ऐकू येतं ते कळलं.

"आकडा अलीकडच्या अंगाला दिसतोय मॅडम, मग बाजू उजवी नसेल का, असं विचारलं. तुम्ही हसलात. म्हणालात, तुमच्याकडे फर्स्ट अँगल शिकवत नव्हते का?"

अजूनही मला ते आठवत नाही. पण ते वाक्य माझंच आहे. त्यातला शब्द न् शब्द माझा आहे, हसणंसुद्धा. 'तुमच्याकडे' म्हणजे विदर्भाकडे, सरकारी कॉलेजकडे, की आणखी कुठे, हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं नसणार. बोलून लिफ्टमध्ये शिरले असेन आणि खाली पोचेपर्यंत विसरले असेन. लाजेने माणूस लाल होतो म्हणतात. मला नुसतं गार वाटत होतं.

बाकीचं त्याने न थांबता सांगितलं, माझ्याकडे न बघता. दोन दिवस त्याला वाटलं की आपलंच चुकत असेल, पेटंटमधलं आपल्याला काय कळतं. तिसऱ्या दिवशी त्याची खात्री पटली आणि त्याने मॅनेजरला मेल केली, चित्रावर खूण करून. मॅनेजरने उत्तर दिलं की हे काम तज्ज्ञांचं आहे आणि तज्ज्ञांनी निकाल दिलेला आहे. ती मेल आमच्या फर्मपर्यंत आली नाही. त्याच्या वार्षिक शेऱ्यात मात्र आली. हा माणूस तज्ज्ञांचं मत मान्य करत नाही, हार पचवू शकत नाही, असं लिहिलं गेलं. दुसऱ्या विभागात एक जागा होती, ती त्या शेऱ्यामुळे गेली. पास न वाढण्याचं खरं कारण ते होतं.

मी माफी मागितली. त्याने मान हलवली, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. गुरुवारच्या आत अर्ज करता येईल, मी म्हटलं. वर्णन आणि चित्रं तयारच आहेत. बॉस रागावली तरी उद्या दुरुस्त रिपोर्ट कंपनीच्या हातात पडेल.

"अर्ज कंपनीचा होईल," तो म्हणाला. "त्यावर शोधक म्हणून माझं नाव राहील, ते चांगलंच आहे. पण शेरा तसाच राहील ना? तुमचा रिपोर्ट म्हणेल, आम्हाला नंतर नवीन दिसलं. मग मी तो भांडखोरच राहिलो."

"मग काय करू, सांगा."

"एक ओळ घाला. शोधकाने ही चूक त्याच दिवशी दाखवून दिली होती आणि तुम्ही ती तपासली नाही. तुमच्या सहीने."

त्या ओळीचा अर्थ आम्हा दोघांनाही माहीत होता. नजरेतून सुटलेली रेघ ही चूक असते. कुणी बोट ठेवून दाखवलेली रेघ न बघणं हा निष्काळजीपणा असतो, आणि फर्म अशा माणसाला रिपोर्टावर सही करू देत नाही. मला माझ्या मुलीची परीक्षा आठवली, नवरा आठवला, बुकित तिमाहच्या घराचा वाढवायचा करार आठवला. समोर खोकी होती. मी घालते म्हणाले. माझा आवाज मला नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.

तो दारापर्यंत आला. चपला घालताना मी विचारलं की मी जे बोलले तेही लिहू का, ते 'तुमच्याकडे'चं. कशासाठी विचारलं कोण जाणे, बहुधा त्याने नको म्हणावं आणि माझी सुटका करावी म्हणून.

"नको," तो म्हणाला. "ते रिपोर्टात बसायचं नाही."

बुधवारी सकाळी आठला मी ऑफिसात होते. मॅनेजरने अखेर बॉसचा निरोप ऐकला होता आणि तो स्वतः फोनवर होता, घाबरलेला. दुरुस्त रिपोर्ट दहा वाजता तयार झाला. बॉसने तो वाचला, शेवटच्या परिच्छेदावर थांबली आणि काचेचं दार लावून घेतलं. ही ओळ काढलीस तरी अर्ज होईलच, ती म्हणाली. ओळ राहिली तर कंपनी आपल्यावर दावा लावू शकते, आणि तुला मी वाचवू शकणार नाही. लिफ्टपाशी झालेलं बोलणं, तुला स्वतःला आठवतही नाही, मग तू कशाच्या आधारावर लिहितेस? हा प्रश्न मीही रात्रभर स्वतःला विचारला होता. मी म्हटलं, ते बोलणं ज्याने ऐकलं त्याला आठवतंय. आणि त्याची मेल कंपनीत आहे, तारखेसकट.

तिने रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "यू शुअर आह?"

मला अजिबात खात्री नव्हती. मी हो म्हटलं आणि तिच्या टेबलावरच सही केली, कारण माझ्या जागेपर्यंत चालत गेले असते तर केली नसती.

अर्ज त्याच दुपारी चारच्या सुमाराला दाखल झाला. गुरुवारी प्रदर्शन उघडलं, वॉकर मांडला गेला, आणि त्याने कुणाचंही काही बिघडलं नाही. कंपनीने दावा लावला नाही. तिच्या मॅनेजरलाही त्या मेलचा खुलासा द्यायचा नव्हता, असं बॉस म्हणाली. माझं सही करणं मात्र थांबलं. आता मी शोधते, आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान मुलगा ते तपासून खाली सही करतो. तो प्रत्येक चित्रातल्या तुटक रेघा मोजतो. मला राग येतो, मग मी गप्प बसते, आणि या वयात गप्प बसायला शिकणं फार जड जातं.

महिन्याच्या शेवटी त्याचा मेसेज आला. शेरा काढला, पास दोन वर्षांसाठी वाढला. एवढंच. आभार नव्हते, आणि ते असायचं काही कारणही नव्हतं. मी उत्तर लिहायला घेतलं, तीन वेळा खोडलं आणि शेवटी नुसतं अभिनंदन पाठवलं.

लिफ्टपाशी मी त्याला विचारलं होतं, तुमच्याकडे फर्स्ट अँगल शिकवत नव्हते का. तो म्हणाला होता ते खरं, हे वाक्य रिपोर्टात बसत नव्हतं. म्हणून ते मी इथे लिहिलं आहे.